वाचकांचे प्रश्न : इगतपुरीचे खापरपणजोबा आणि नॉरफकमधले गाव

प्रश्न : आमचे खापरपणजोबा गोऱ्या पलटणीत शिपाई होते. पुढे रेल्वेत लागून ते इगतपुरीला राहिले. १८६६ सालच्या लग्नाच्या नोंदीत त्यांचे वय २८ आणि वडिलांचे नाव आहे. घरच्या बायबलवर फक्त ‘नॉरफक’ असे लिहिले आहे. गाव कसे शोधावे? (देवळाली कॅम्प)

उत्तर : नॉरफक हा इंग्लंडमधला अख्खा परगणा आहे. त्यात शेकडो पॅरिश, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतली गावे. त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांकडे गाव आणि आडनाव सांगितले की घराण्याचे पान निघते. इंग्लंडच्या चर्चवहीत घराण्याचे पान नसते. बाप्तिस्मा, लग्न, दफन ज्या तारखेला झाले त्या तारखेला एक ओळ, एवढेच. म्हणून पॅरिश कळल्याशिवाय वह्यांना हात घालू नका. समजा खापरपणजोबांचे नाव विल्यम; नुसत्या आडनावावर शोधलेत तर चार परगण्यांतले चार विल्यम हाती लागतील आणि चारही खरे वाटतील.

सुरुवात पलटणीपासून करा. शिपायाच्या निवृत्तीच्या कागदावर जन्माची पॅरिश, जवळचे शहर आणि परगणा अशा तिन्ही गोष्टी लिहिलेल्या असतात. हे कागद लंडनजवळ क्यू येथील नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत; मालिका डब्ल्यूओ (वॉर ऑफिस, म्हणजे युद्धखाते) ९७. एक अडचण मात्र लक्षात ठेवा. १८८३ पूर्वीचे कागद मुख्यतः पेन्शन मिळालेल्यांचेच आहेत. तुमचे खापरपणजोबा मुदत संपवून किंवा पैसे भरून मोकळे झाले असतील, तर ते तिथे सापडणार नाहीत. मग पलटणीचे हजेरीपट पाहा, मालिका डब्ल्यूओ १२. ज्या तिमाहीत नाव कमी झाले त्या तिमाहीच्या पटात, पलटण सोडलेल्यांच्या यादीत, जन्मस्थळ मिळू शकते. त्यासाठी पलटणीचे नाव लागते. ते लग्नाच्या किंवा पहिल्या मुलाच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत शोधा. मुंबई इलाख्यातल्या चर्चांच्या नोंदींच्या नकला लंडनला जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीच्या संग्रहात एन/३ या मालिकेत आहेत. मोफत सूचीसाठी ब्रिटिश भारतातल्या घराण्यांचा शोध घेणाऱ्या ‘फिबिस’ या संस्थेचे संकेतस्थळ पाहा.

आता वयाचा हिशेब. १८६६ मध्ये २८ म्हणजे जन्म १८३८च्या आसपास. हे तुमच्या फायद्याचे आहे, कारण १ जुलै १८३७ पासून इंग्लंडमध्ये सरकारी जन्मनोंद सुरू झाली. जनरल रजिस्टर ऑफिसच्या ऑनलाइन सूचीत मुलाच्या नावाशेजारी आईचे माहेरचे आडनाव असते. आई-वडिलांचे लग्न १८३७ पूर्वीचे असेल तर हे आडनाव सोन्याच्या मोलाचे, कारण १७५४ ते १८३७ या काळातल्या लग्नाच्या नोंदीत वर-वधूच्या वडिलांची नावे नसतात. वर-वधूंची नावे, त्यांची पॅरिश, सही किंवा अंगठ्याऐवजी काढलेली फुली, आणि साक्षीदार, एवढाच मजकूर. लग्न बहुधा वधूच्या गावी होई, म्हणून वराच्या गावच्या वहीत ते नाही दिसले तर शेजारच्या पाच-सहा पॅरिश पाहा.

जन्मनोंद सापडली नाही तरी थांबू नका. १८७५ पर्यंत नोंद न करणाऱ्याला दंड नव्हता, त्यामुळे खेड्यातली कितीतरी मुले सुटली. अशा वेळी बाप्तिस्म्याची वही कामाला येते. १८१३ पासून ती छापील तक्त्याची आहे : मुलाचे नाव, आई-वडिलांची नावे, राहण्याचे ठिकाण, वडिलांचा धंदा. बाप्तिस्म्याची तारीख म्हणजे जन्मतारीख नव्हे. काही घरे तीन-चार मुलांचे बाप्तिस्मे एकाच दिवशी उरकत.

हवा तसा विल्यम सापडला की त्याच पॅरिशच्या दफनाच्या वहीत पुढची दहा वर्षे शोधा. तो लहानपणीच वारला असेल तर तो तुमचा नव्हे. त्याच आई-वडिलांच्या पुढच्या मुलाचे नाव पुन्हा विल्यम असेल तर पहिला गेला, असे जवळजवळ नक्की समजा. ही तपासणी न करता लोक वंशावळी छापून मोकळे होतात आणि परक्याचे पूर्वज घरात येऊन बसतात.

प्रश्न : इंग्लंडच्या १८४१च्या जनगणनेत एका शेतमजुराचे वय ४०, १८५१ मध्ये ५३, १८६१ मध्ये ६० आहे. शेवटच्या दोन्हींत जन्मगावही वेगळे. हा एकच माणूस का? (नाशिकरोड)

उत्तर : बहुधा एकच. ६ जून १८४१च्या मोजणीत पंधरा वर्षांवरच्यांचे वय खाली पाचच्या पटीत आणावे असा आदेश होता, म्हणजे ४० लिहिलेला माणूस ४० ते ४४चा. ३० मार्च १८५१ ला जो ५३चा, तो १८४१ मध्ये ४३ किंवा ४४चा होता. हिशेब जुळतो. काही मोजणीदारांनी मात्र आदेश न पाळता खरे वय लिहिले. १८६१चे ६० ही तीन वर्षांची चूक आहे. ज्यांना जन्मसाल ठाऊक नव्हते, त्यांच्या बाबतीत असे नेहमी दिसते.

जन्मगावाचे म्हणाल तर ओझरचा माणूस पुण्यात ‘नाशिकचा’ म्हणून सांगतो, तसेच हे. कधी खरे खेडे सांगितले, कधी जवळचे बाजारपेठेचे शहर, कधी जिथे वाढला ते गाव. दोन्ही पॅरिशच्या वह्या पाहा. माणसापेक्षा घर जुळते का ते तपासा : बायको, मुलांची नावे, त्यांच्या वयांचा क्रम. १८४१ मध्ये नातेही लिहिलेले नाही आणि जन्मस्थळाऐवजी ‘याच परगण्यात जन्म, हो की नाही’ एवढेच आहे. म्हणून १८५१ हातात धरून १८४१ कडे जा, उलट नको.

नाव सूचीत मिळत नसेल तर आडनाव गाळा. पहिले नाव, जन्मगाव आणि वय पाच वर्षे मागेपुढे, असा शोध घ्या. मोजणीदार कानावर पडेल तसे लिही आणि सूची करणाऱ्याने ते आणखी वेगळे वाचलेले असते.

प्रश्न : वहीत लग्न मे १७२४ चे आणि पहिल्या मुलाचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १७२४ चा. मूल लग्नाआधीचे का? (पंचवटी)

उत्तर : नाही. १७५१ पर्यंत इंग्लंडमध्ये वर्ष २५ मार्चला सुरू होई. आपले वर्ष पाडव्याला बदलते तसेच समजा. त्या हिशेबाने फेब्रुवारी १७२४ हा मे १७२४ नंतर येतो, आजच्या मोजणीने तो फेब्रुवारी १७२५. बाप्तिस्मा लग्नानंतर नऊ महिन्यांनी झाला. टिपून ठेवताना १७२४/२५ असे लिहा, म्हणजे पुढच्या पिढीचा गोंधळ होणार नाही.

त्याच्याही मागे जाणार असाल तर वह्या १५३८ पासून सुरू होतात, पण फार थोड्या गावांच्या तितक्या जुन्या टिकल्या आहेत. १६५३ ते १६६० या वर्षांत नोंदी विस्कळीत आहेत. मूळ वही फाटली असेल, किडीने खाल्ली असेल, तर बिशपकडे दरवर्षी जाणाऱ्या नकला मागा.

प्रश्न : हे सारे घरबसल्या, विनाखर्च होईल का? (सिन्नर)

उत्तर : बरेचसे. फ्रीरेग, फ्रीसेन, फ्रीबीएमडी आणि फॅमिलीसर्च ही नोंदी शोधण्याची संकेतस्थळे मोफत आहेत, पण प्रत्येक गाव त्यांत नाही. एखाद्या पॅरिशची कोणती वर्षे चढली आहेत ते आधी पाहा. नोंद न मिळण्याचे कारण अनेकदा तेवढेच असते. राहिलेल्या वर्षांसाठी त्या परगण्याच्या अभिलेखागाराला ईमेल करा. पॅरिश, वर्षे आणि नाव नेमके लिहा.