हिरवी उलटी आणि पांढरी उलटी

प्रिय डॉक्टर,

अनेक आशीर्वाद. तुझे पत्र दोनदा वाचले. पाच आठवड्यांच्या बाळाच्या पायलोरिक स्टेनोसिसचे निदान तू स्वतः केलेस, दुसऱ्या दिवशीच्या शस्त्रक्रियांच्या यादीत त्याचे नाव घातलेस, आणि भूलतज्ज्ञांनी रक्ताचा अहवाल पाहून बाळाला वॉर्डात परत पाठवले, याचा राग तुझ्या अक्षरातही उतरला आहे. त्यांचे बरोबर होते, हे आधी सांगून टाकते.

पायलोरिक स्टेनोसिसमध्ये जठराचे पुढचे तोंड स्नायू जाड झाल्याने आवळले गेले की बाळ दूध जोराने, लांब फेकल्यासारखे उलटून टाकते. उलटी पांढरीच असते, कारण उलटीला हिरवा रंग देणारे पित्त येऊन मिळते त्या जागेच्या अलीकडे अडथळा असतो. दर उलटीबरोबर जठरातले आम्ल, म्हणजे क्लोराइड, बाहेर जाते आणि रक्त अल्कधर्मी होत जाते. मूत्रपिंड सोडियम आणि पाणी राखण्याच्या धडपडीत आधी पोटॅशियम आणि शेवटी आम्लही सोडू लागते. म्हणून रक्त अल्कधर्मी आणि लघवी आम्लधर्मी असे विचित्र चित्र दिसले, तर बाळ फार खंगले आहे असे समज. अशा बाळाला भूल दिली, तर शस्त्रक्रिया उत्तम होऊनही नंतर त्याचा श्वास थांबू शकतो, कारण श्वासाला चालना देणारी रक्तातली आम्लताच कमी झालेली असते. रक्तातले क्लोराइड 100 च्या आसपास येईपर्यंत आणि बायकार्बोनेट, म्हणजे रक्तातला अल्कधर्मी घटक, 30 च्या खाली उतरेपर्यंत (दोन्ही मिलिमोल प्रति लिटर) सलाइन आणि डेक्स्ट्रोज चालू ठेव, आणि लघवी नीट होऊ लागल्यावरच पोटॅशियम घाल. याला एक दिवस लागेल, कधी दोन. रामस्टेट यांच्या नावाने 1912 पासून चालत आलेल्या त्या शस्त्रक्रियेत स्नायू चिरायचा आणि आतले अस्तर अखंड ठेवायचे, एवढेच असते. बाळाची तयारी झाली असेल तर ती अर्ध्या-पाऊण तासात उरकते. घाई करण्यासारखे तिच्यात काही नाही. जाता जाता एक सांगते : सोनोग्राफीत स्नायूची जाडी मोजून झाली असली, तरी बाळ शांत असताना, हात ऊबदार करून, ती सुपारीएवढी टणक गाठ बोटांना लागते का ते पाहत जा. ही सवय मोडू देऊ नकोस.

आता उलटीचा दुसरा रंग. मी निवासी डॉक्टर असताना एका रात्री तीन दिवसांच्या बाळाची नोंद माझ्याकडे आली : ‘दोन उलट्या, पोट मऊ.’ मी पोट तपासले, ते खरोखरच मऊ आणि सपाट होते. एक्स-रे सकाळी काढू असे लिहून मी पुढच्या खाटेकडे वळले. रंग विचारला नाही. पहाटे बाळाच्या शीमध्ये रक्त दिसले, पोट फुगले आणि अंग राखाडी पडले. पोट उघडले तेव्हा लहान आतड्याच्या वरच्या टोकापासून मोठ्या आतड्याच्या मध्यापर्यंत सगळे काळे होते. आईच्या पिशवीत बाळाला पुसलेला एक दुपट्याचा तुकडा घडी करून ठेवलेला होता. त्यावरचा डाग पालकाच्या रसासारखा हिरवागार होता. तो तिने कोणी विचारले असते तर आदल्या संध्याकाळीच दाखवला असता.

गर्भात आतडे आपल्या मुख्य रक्तवाहिनीभोवती 270 अंशांत फिरून जागेवर बसते. ते फिरणे अर्धवट राहिले, तर आतड्याचा सगळा पसारा एका अरुंद देठावर लोंबकळत राहतो आणि कधीही पीळ खाऊ शकतो. पीळ बसल्यावर आतडे वाचवण्यासाठी मोजके तास हाती असतात. अडथळा वर असल्याने सुरुवातीला पोट फुगत नाही, एक्स-रेही पुष्कळदा निर्धास्त दिसतो. मला फसवले ते याच मऊ पोटाने. म्हणून नवजात बाळाची हिरवी उलटी म्हणजे, वेगळे काही सिद्ध होईपर्यंत, आतड्याचा पीळ. बाळ स्थिर असेल तर तोंडावाटे कॉन्ट्रास्ट, म्हणजे एक्स-रेत उठून दिसणारे द्रव, देऊन लहान आतड्याचा पहिला भाग (ड्युओडेनम) संपून पुढचा सुरू होतो ती जागा पाठीच्या कण्याच्या डावीकडे आहे का ते पाहा. बाळ खालावत असेल, तर कोणत्याही तपासणीसाठी न थांबता त्याला थिएटरात ने. पालकांना नुसता ‘रंग कोणता’ असे विचारू नकोस; कोणी ‘पिवळट’ म्हणते, कोणी घाबरून काहीच सांगत नाही. कपडा मागून घे.

विल्यम लॅड यांनी 1936 मध्ये मांडलेली शस्त्रक्रिया तू पाहिली आहेस. सगळे आतडे बाहेर घेऊन पीळ घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने सोडवायचा, एकदा सुटला असे वाटले तरी आणखी एक फेरा उरला नाही ना हे तपासायचे, आणि गरम ओल्या पट्ट्यांत आतडे गुंडाळून थांबायचे. हे थांबणे तरुण हातांना जमत नाही. काळपट आतडे दहा मिनिटांत गुलाबी होताना मी पाहिले आहे. रंगाची खात्री नसेल तर कापत सुटू नकोस, पोट तात्पुरते बंद करून 24 ते 48 तासांनी पुन्हा उघडून पाहा. राखलेला प्रत्येक सेंटिमीटर त्या मुलाला पुढे आयुष्यभर लागणार आहे. मग बांधून ठेवणारे पडदे कापायचे, देठ रुंद करायचा, लहान आतडे उजवीकडे आणि मोठे डावीकडे ठेवायचे. आपण आतडे ‘जागेवर बसवले’ असे पालकांना सांगू नकोस, कारण ते खरे नाही. आपण ते पुन्हा पिळणार नाही अशा बेताने ठेवतो. अपेंडिक्स त्यामुळे डावीकडे जाते आणि पुढे कधी दुखले तर भल्याभल्यांना चकवेल, म्हणून बहुतेक जण ते तेव्हाच काढून टाकतात.

आतड्यात आतडे शिरण्याच्या विकाराची घाई या दोहोंच्या मधली आहे. पोटाच्या आतल्या आवरणाचा दाह नसेल आणि सलाइन देऊन बाळ सावरले असेल, तर गुदद्वारातून सोडलेल्या हवेच्या दाबाने ते बहुतेकदा सुटते; मात्र तू तिथे हजर राहा. उघडावेच लागले, तर शिरलेले आतडे ओढायचे नाही, पुढच्या टोकाकडून दाबत मागे सरकवायचे.

तुझ्या खाट क्रमांक सातवरून घरी गेलेल्या मुलाविषयी मात्र मला काळजी वाटते. हिर्शस्प्रंग विकारासाठी (मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात चेतापेशी नसणे) पुल-थ्रू, म्हणजे तो भाग काढून निरोगी आतडे खाली आणून जोडण्याची शस्त्रक्रिया, करून तीन आठवडे झाले आणि तू त्याला ‘साधे जुलाब’ म्हणून औषध लिहून दिलेस, असे दिसते. चेतापेशी नसलेला भाग काढला म्हणजे आजार संपला, असे नसते. पोट फुगलेले, ताप, आणि गुदद्वारात नळी घालताच फवाऱ्यासारखी येणारी दुर्गंधी शी, ही आतड्याच्या दाहाची लक्षणे आहेत आणि शस्त्रक्रियेनंतरही त्याने मुले दगावतात. हे पत्र मिळताच त्याला परत बोलावून घे, मलाशय सलाइनने धुऊन काढ, शिरेतून प्रतिजैविके सुरू कर, आणि यापुढे सुट्टी देताना ही तीन लक्षणे कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून पालकांच्या हाती दे.

आतड्याच्या जोडाच्या टाक्यांविषयी विचारले आहेस, त्याचे उत्तर सविस्तर लिहावे लागेल, ते पुढच्या पत्रात. तोपर्यंत त्या पाच आठवड्यांच्या बाळाचे आज सकाळचे क्लोराइड किती आले, ते कळव.

तुझी,
मॅडम