लेंडी कोरडी, तरी पोटात जंत

जत भागातून एक मेंढपाळ : वर्षाला चारदा जंताचं औषध पाजतो. तरी श्रावणात मेंढरं खंगतात, हनुवटीखाली पाणी उतरतं. हगवण मात्र नाही. मग जंत कसे?

हगवण नाही, म्हणूनच मला जंताचा संशय येतो. चौथ्या पोटात राहणारा हिमोंकस नावाचा जंत रक्तावर जगतो, लेंड्या कोरड्याच राहतात. एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिली रक्त घालवतो. हजार जंत म्हणजे ५० मिली. ३० किलोच्या मेंढीच्या अंगात रक्त असतं जेमतेम दोन लिटर! रक्तातली प्रथिनं घटली की हनुवटीखाली पाणी साठतं. पावसाळी ओलीत लेंडीतून पडलेल्या अंड्यातली अळी आठवड्याभरात गवतावर चढते, म्हणून श्रावण.

आता तुमचा डोस. मेंढीचं वजन आपण डोळ्यांनीच करतो. कडुनिंबाला काटा टांगला की '२५ ची' म्हणून सांगितलेली मेंढी ३२-३३ निघते, हे मी कितीदा पाहिलंय. डोस कमी पडला की कच्चे जंत मरतात, तगडे उरतात आणि त्यांचीच पिलावळ वाढते. अल्बेंडाझोल सोडून फेनबेंडाझोल घेतलं तरी औषधाचं घराणं तेच, उरलेल्या तगड्यांवर तेही चालत नाही. डोसानंतर १० ते १४ दिवसांनी ताज्या लेंड्या दवाखान्यात तपासा. अंडी तशीच असतील तर ते औषध तुमच्या खांडीत (कळपात) संपलं. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी खालची पापणी उलटून बघा : लाल असेल तिला सोडा, फिकट पडली तिला पाजा. दक्षिण आफ्रिकेत याचा रंगांचा तक्ताच केलाय.

फलटणहून : दिवाळीनंतर खांड कोकणात भातखाचरांत बसवतो. परत आल्यावर मेंढ्या रोडावतात. लेंडी तपासली, अंडी नाहीत.

तपासणी लवकर झाली असावी. खाचरातल्या, ओहोळातल्या गोगलगायींतून यकृताचा पर्णकृमी, म्हणजे पानासारखा चपटा जंत, येतो, आणि पोटात गेल्यावर अंडी घालायला त्याला तीनेक महिने लागतात. तोवर कोवळे कृमी यकृत पोखरत असतात. अल्बेंडाझोल फक्त मोठ्या पर्णकृमींवर चालतं. कोवळ्यांसाठी ट्रायक्लाबेंडाझोल, तेही डॉक्टरांना विचारून. पाणथळ कडेचं गवत टाळा.

एक मेंढी मान वाकडी करून एकाच बाजूला गरगर फिरते.

मेंदूत पाण्याची गाठ असू शकते. ती येते कुत्र्याच्या विष्ठेतल्या फीतकृमीच्या अंड्यांतून. आणि कुत्र्याला तो फीतकृमी होतो अशी गाठ खाऊन. मेलेल्या मेंढीचं डोकं वाड्यावरच्या कुत्र्यांपुढे टाकता ना? ते आधी थांबवा, पुरा किंवा जाळा. कुत्र्यांनाही दर तीन महिन्यांनी प्राझिक्वांटेल हे फीतकृमीचं औषध द्या. फिरणं लिस्टेरिया या जिवाणूमुळे किंवा रेबीजमुळेही असू शकतं, म्हणून तोंडात हात न घालता डॉक्टरांना बोलवा.

गाभण मेंढीला औषध द्यावं का?

पहिल्या महिन्यात अल्बेंडाझोल नको. विण्याच्या सुमारास मात्र पापणी नक्की बघा, कारण तेव्हा तिच्या लेंडीतून अंडी भरमसाट पडतात आणि तिथंच कोकरू पहिलं गवत तोडतं.