पगार मिशनचा, देव आपापला

मागच्या वेळी बोलता बोलता मी लिहून गेले की मी एकोणीस वर्षं चर्चच्या एका मदतसंस्थेत नोकरी केली आणि मी स्वतः सोलापूरच्या वारकरी घरातली. झालं, त्यावरच इतके मेसेज आले की नेहमीचे प्रश्न बाजूला ठेवून यावेळी फक्त तेच घेतेय. संस्थेचं नाव कुणी विचारू नका, सांगणार नाही. तिथे मला चांगलं मिळालं तसं वाईटही मिळालं आणि माझी माणसं अजून तिथे काम करतात.

ताई, माझं एमएसडब्ल्यू झालंय, आम्ही संगमनेरचे. एका चर्चच्या समाजसेवा केंद्रात पाणलोट आणि बचतगटाच्या कामासाठी मला ऑफर आलीय. आई म्हणते ते तुला बाटवतील, आत्या म्हणते मग लग्न कसं जमायचं. आत नक्की असतं कसं? रोज प्रार्थनेला बसावं लागतं का?

अगं, आधी आईवर चिडू नकोस. ही भीती तिने काही कालच्या व्हॉट्सअॅपवरून उचललेली नाही, आपल्याकडे ती सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. पंडिता रमाबाईंनी १८८९ला मुंबईत विधवा आणि मुलींच्या शिक्षणासाठी शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्यात आणलं. बाई स्वतः १८८३लाच ख्रिस्ती झालेल्या पण सदनात धर्म शिकवायचा नाही असं ठरलेलं, मग मुली त्यांच्या खोलीत प्रार्थनेला बसतात असा बोभाटा झाला, केसरीने झोडपून काढलं, १८९३ला रानडे आणि भांडारकर यांच्यासारखी माणसं सल्लागार मंडळातून बाहेर पडली आणि पालक पोरींना घरी घेऊन गेले. आणि त्याच बाई तीन-चार वर्षांनी दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन, ज्यांना कुणी विचारत नव्हतं अशा मुलीबायका शेकड्यांनी केडगावला घेऊन आल्या. आता यातलं खरं काय? दोन्ही. तुझी आई पहिली गोष्ट धरून बसलीय आणि संस्थेच्या माहितीपत्रकात तुला फक्त दुसरी दिसेल.

आता आतलं सांगते. आमच्याकडे सकाळी साडेनऊला प्रार्थना असायची, पंधरा मिनिटं, एक गीत, बायबलमधला छोटा उतारा, मग फील्डमध्ये कोण आजारी आहे, कुठे पाऊस नाही त्यासाठी दोन शब्द. सक्ती नव्हती असं म्हणतात, पण सगळं ऑफिस हॉलमध्ये आणि तू एकटी टेबलावर बसून मस्टर चाळतेयस हे तुलाच बरं वाटत नाही. मी बसायचे. पहिले काही दिवस फरशीकडे बघत बसले, नंतर सवय झाली. प्रार्थना चालवायची प्रत्येकाची पाळी असायची, माझी आल्यावर मी डायरेक्टर फादरना घाबरत विचारलं, तर ते म्हणाले तुझ्याकडचं म्हण की काहीतरी. मी आजीच्या तोंडचा एक अभंग म्हटला आणि आमच्या अकाउंटंटने, कट्टर कॅथलिक माणूस, टेबलावर ठेका धरला. ही गोष्ट लोकांना फार आवडते, कार्यक्रमात मला हीच सांगा म्हणतात. पण पाच वर्षांनी ते फादर बदलून गेले, नवे आले, आणि त्यांच्या काळात पाळीच्या यादीत माझं नावच नसायचं. कुणी काही बोललं नाही, नुसतं नाव नव्हतं.

बदली होणार हे मात्र धरूनच चाल. बिशपांनी ठरवलं की डायरेक्टर बदलतो, मग जुन्याने बचतगटांवर जीव लावलेला असतो आणि नव्याला आरोग्याचा प्रोजेक्ट हवा असतो. तू कितीही चांगलं काम कर, सगळ्यात वरची खुर्ची बहुतेक फादर किंवा सिस्टरचीच. हिंदू मठांच्या संस्थांतही तेच, तिथे स्वामीजी असतात. प्रोजेक्ट को-ऑर्डिनेटरपर्यंत तू जाशील, पुढे भिंत. ही भिंत तू हिंदू आहेस म्हणून नाही हां, साध्या ख्रिस्ती माणसालाही तीच आहे, मला हे कळायला दहा वर्षं लागली.

बाटवण्याचं म्हणशील तर एकोणीस वर्षांत मला एकानेही 'ये' म्हटलं नाही. नाताळचा केक आणि ईस्टरची अंडी सोडली तर मला काही चिकटलं नाही. पण म्हणून कुठेच होत नाही असंही मी म्हणणार नाही, रेशनच्या पिशवीत पत्रक घालणारे छोटे गट मी डोळ्यांनी पाहिलेत आणि त्यांच्यामुळे आम्हाला गावात शिव्या खाव्या लागल्यात. ओळखायचं कसं? १९९४ला रेडक्रॉस आणि मोठ्या मदतसंस्थांनी मिळून एक आचारसंहिता केली, दहा कलमांची. त्यातलं तिसरं कलम म्हणतं की मदतीचा वापर कुठल्याही राजकीय किंवा धार्मिक मताच्या प्रचारासाठी करायचा नाही. गंमत म्हणजे ती करणाऱ्या आठ संस्थांपैकी चार चर्चवाल्याच होत्या, कॅरिटास, कॅथलिक रिलीफ सर्व्हिसेस, ल्युथरन वर्ल्ड फेडरेशन आणि वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस. तर इंटरव्ह्यूला गेलीस की सरळ विचार, तुमच्या संस्थेने ही आचारसंहिता मान्य केलीय का, आणि वाटपाच्या रांगेसमोर प्रार्थना होते का. ऑफिसातल्या प्रार्थनेचं मला काही वाटत नाही, ते त्यांचं घर आहे. पण उपाशी माणूस टोकन हातात धरून उभा असताना त्याच्यासमोर डोळे मिटायचे, मग देव कुठलाही असो, ते मला चालत नाही. या प्रश्नावर समोरचा अडखळला की तू समजून जा.

लग्नाचं आत्याला सांग, पगाराची स्लिप बघून स्थळं येतात. आमच्यातल्या तिघींची लग्नं नोकरीत असतानाच झाली आणि फादर जेवायला पंगतीत होते.

शिरोळ तालुक्यातून. २०१९च्या पुरात मी व्हॉलंटियर होतो, तेव्हापासून एका धार्मिक ट्रस्टबरोबर काम करतो. ट्रस्टी म्हणतात प्रत्येक किटवर आपलं चिन्ह आणि महाराजांचा फोटो पाहिजेच, देणगीदारांना दाखवावं लागतं. मला ते पटत नाही, काय करू?

अरे, २०१९च्या ऑगस्टमध्ये मीही तुमच्याच भागात होते. सांगलीला आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आणि पाणी गेलं ५७ फुटांवर, तुला माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल. हायवेच्या कडेच्या गावांत बिस्किटांचे आणि जुन्या कपड्यांचे ढीग पडलेले आणि आतल्या गावांना माचिस मिळेना.

चिन्हाचं म्हणशील तर पिशवीवर संस्थेचं नाव असावं, कुणी दिलं हे घेणाऱ्याला कळायला पाहिजे, उद्या डाळीत किडे निघाले तर तक्रार कुणाकडे करायची? नाव आणि फोन नंबर ठेवा, महाराजांचा फोटो बॅनरवर लावा, ट्रकला लावा. ट्रस्टींना सांग की त्या पिशवीतून दोन महिन्यांनी कुणीतरी शेण वाहून नेणार आहे, तुमच्या महाराजांचा फोटो त्यावर चालेल का. मी हे एकदा वापरलंय, क्रूसाच्या बाबतीत, लगेच पटतं.

पण खरं सांगू, चिन्हावर भांडण्यात तू दमून जाशील आणि मोठी गोष्ट राहून जाईल. धार्मिक संस्थेत सगळ्यात जास्त दाब येतो तो 'आधी आपल्या माणसांना द्या' याचा, बाटवाबाटवी वगैरे त्यापुढे काहीच नाही. त्या पुरात आम्ही एका गावात पोचलो तर तिथल्या पाळकसाहेबांनी चाळीस कुटुंबांची यादी हातात ठेवली, सगळी एकाच वस्तीतली, त्यांच्या चर्चला येणारी. म्हणाले आमच्याच लोकांची संस्था आणि आमच्या लोकांना शेवटी? त्यांचंही अगदी चूक नव्हतं, कारण तिकडून सरपंचांची यादी आली त्यात ही वस्ती गायबच होती आणि सरपंचांची गल्ली पूर्ण होती, दुमजली घरांसकट. आम्ही दोन्ही याद्या जीपमध्ये टाकल्या आणि दोन दिवस घरोघर फिरलो, भिंतीवर पाण्याची खूण कुठपर्यंत आहे ते बघायचं, जमिनीपासून छातीच्या वर असली की दारावर खडूने फुली मारायची आणि टोकन द्यायचं. चूल, धान्य, अंथरूण गेलं की नाही एवढंच विचारायचं. पाळकसाहेब आमच्याशी वर्षभर बोलले नाहीत. बिशप हाऊसलाही पत्र गेलं माझ्याविरुद्ध, त्यात लिहिलं होतं की ही बाई आपल्यातली नाही म्हणून असं करते. डायरेक्टर माझ्या बाजूने उभे राहिले म्हणून नोकरी टिकली, नाहीतर गेली असती.

उलटं उदाहरणही आहे. किल्लारीच्या भूकंपानंतर, १९९३ला, भारतीय जैन संघटनेने बाराशे मुलं पुण्याला आणून शिकवली, ती लातूर-उस्मानाबादच्या शेतकऱ्यांची पोरं होती. तुमच्या ट्रस्टींना हे उदाहरण दे, आपल्याकडच्या शेटजींना ते लवकर कळतं.

आठ वर्षं एका धार्मिक संस्थेत आहे, वय ३८, दोन मुलं. पगार तीन-तीन महिने लेट, रविवारीही बोलावतात. विचारलं की उत्तर एकच, 'ही नोकरी नाही, सेवा आहे.' सोडावं का?

दादा, सेवा हा शब्द ज्याचा त्याने स्वतःसाठी वापरायचा असतो, दुसऱ्याच्या पगारपत्रकावर नाही. जो हे तुम्हाला म्हणतो त्याचं बघा जरा, तो फादर असेल किंवा स्वामी, त्याचं जेवण-राहणं मठात, आजारी पडला तर मठ बघतो, म्हातारपणीही मठच बघतो. तुमच्या घराचा हप्ता कोण भरणार, बिशप? त्याची सेवा खरी असेल, मी नाही म्हणत नाही, पण दोघांना एका तराजूत घालता येत नाही.

मीही यात फसलेय. पहिली सहा वर्षं मी प्रवासाची बिलं उशिरा आली तरी गप्प बसायचे, वाटायचं मागितलं की आपण स्वार्थी दिसू, आणि त्यात मी बाहेरच्या धर्मातली, म्हणजे दुप्पट चांगलं वागायचं असं माझं मीच ठरवलेलं. शेवटी एका सिस्टरनेच मला झापलं, म्हणाली अगं तू बिलं अडकवलीस तर ऑडिटला त्रास आम्हाला होतो.

तर आता नेमकं काय बघायचं. नेमणूकपत्र आहे का, त्यावर पगार आणि सुट्ट्या लिहिल्यात का. वीस किंवा जास्त माणसं कामाला असतील तर पीएफ कापला आणि भरला जातोय का, आपल्या पासबुकात बघा, त्यांच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका. आणि ऑफिसात बायका असतील तर त्यांना विचारा, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्याची तक्रार समिती आहे का, दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी ती लागते. धार्मिक संस्थेत ही समिती फार महत्त्वाची, कारण ज्याच्या पाया पडतात त्याच्याविरुद्ध तक्रार करायला कुणी धजत नाही.

एक बाजू मात्र संस्थेचीही सांगते, नाहीतर अन्याय होईल. २०२०ला परदेशी देणग्यांचा कायदा, एफसीआरए, बदलला. आधी त्या पैशातला ५० टक्क्यांपर्यंत खर्च प्रशासनावर चालायचा, तो २० टक्क्यांवर आणला. सगळा परदेशी पैसा आधी दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच आला पाहिजे असं ठरलं. आणि मोठ्या संस्थेने छोट्या संस्थेला परदेशी पैसा पुढे देणं पूर्ण बंद. आमच्यासारख्या खेड्यातल्या केंद्रांचं बरंचसं मोठ्यांकडून येणाऱ्या पैशावरच चालायचं. सहा जणांची पदं त्या एका वर्षात गेली, मीही तेव्हाच बाहेर पडले. डिसेंबर २०२१मध्ये मदर तेरेसांच्या मिशनरीज ऑफ चॅरिटीच्या सुद्धा एफसीआरए नोंदणीचं नूतनीकरण नाकारलं होतं, जानेवारीत परत मिळालं, म्हणजे तेवढ्या मोठ्यांची ही गत तर बाकीच्यांचं काय. म्हणून अकाउंट्सवाल्याला गाठून विचारा की माझं पद कुठल्या फंडातून आहे आणि तो फंड कधी संपतो. पैसाच येत नसेल तर उशीर समजू शकतो. पैसा येतोय, नवी गाडी आलीय, सभागृहाला एसी लागलाय आणि तुमचाच पगार तेवढा सेवा झालाय, तर दुसरीकडे अर्ज टाकायला लागा. आधी दुसरी ऑफर हातात घ्या, मग राजीनामा, दोन मुलं आहेत.

मिरजेतून. आमची कमिटी रमजानमध्ये जकात, म्हणजे धर्माने सांगितलेलं सक्तीचं दान, गोळा करते. पुरात हिंदू शेजाऱ्यांनाही किट द्यायची आहेत, पण काही वडीलधारे म्हणतात जकातचा पैसा तिकडे जात नाही. मग काय करायचं?

भाऊ, शरियतचं मी बोलणार नाही, ते मौलानांना विचारा. कामाचं सांगते. मी ज्या मुस्लिम संस्थांबरोबर पुरात काम केलं त्यांच्याकडे दोन वह्या असायच्या. जकात म्हणजे अडीच टक्केवाली एका वहीत, ती कुराणात सांगितलेल्या आठ प्रकारच्या लोकांवरच खर्च करायची, आणि सदका, इमदाद म्हणजे आपखुशीची मदत दुसऱ्या वहीत, त्यातून सगळ्या गल्लीला किट. पावतीपुस्तकंही वेगवेगळी छापा, देणाऱ्याला देतानाच विचारा कशात लिहू. पूर आल्यावर वाद घालत बसण्यापेक्षा दोन वह्यांचे साठ रुपये परवडतात. आणि आम्ही तरी काय वेगळं करायचो, डोनरने 'फक्त पाण्यासाठी' लिहिलेला पैसा शाळेच्या वह्यांना लावता यायचा नाही.

मी नास्तिक आहे. अशा संस्थेत चालेन का?

चालशील. आमचे ड्रायव्हरकाका पक्के नास्तिक होते, प्रार्थनेच्या पंधरा मिनिटांत रोज बाहेर जीप धुवायचे. चार डायरेक्टर आले नि गेले, काकांना कुणी आत बोलावलं नाही, आणि जिल्ह्यात आमच्याइतकी चकचकीत जीप कुठल्या संस्थेकडे नव्हती.