घोड्याला नाल मारताना दुखतं का? आणि आजच्या काळात नालबंदीचं काम शिकावं का?

माळेगावच्या यात्रेत एका घोडीला नाल मारताना पाहिलं आणि खिळा ठोकताना अंगावर काटा आला, असं तुम्ही लिहिलंय. पुढे विचारलंय की जनावराला दुखतं का, आणि लातूरकडच्या पोराने आता हे काम शिकण्यात काही अर्थ आहे का. मी परभणी जिल्ह्यात हेच काम करतो. वडील बैलांना पत्र्या, म्हणजे बैलाच्या खुराच्या नाला, मारायचे, मी पुढे घोड्यांकडे वळलो. म्हणून दोन्ही प्रश्नांवर बोलायला हरकत नाही.

खिळा योग्य जागी गेला तर दुखत नाही. खुराचं बाहेरचं कवच आपल्या नखासारखं असतं, त्यात रक्तही नाही आणि जाणीवही नाही. आतला भाग मात्र जिवंत असतो आणि अतिशय नाजूक असतो. पाय उचलून तळवा खरवडला की कडेने एक फिकट पिवळसर रेषा दिसते. कवच आणि तळवा जिथे जुळतात ती ही रेषा. खिळा तिच्या बाहेरूनच जायला हवा. समोरच्या बाजूला कवच साधारण एक सेंटिमीटर जाड असतं आणि टाचेकडे पातळ होत जातं. म्हणजे कामाला जागा मिळते ती एवढीच.

नालेचा खिळा साधा नसतो. त्याच्या टोकाला एका बाजूने उतार दिलेला असतो आणि डोक्यावर त्याच बाजूला खूण असते. खूण आतल्या बाजूला ठेवून ठोकला की खिळा वर जाता जाता बाहेर वळतो आणि कवचातून सुमारे दोन सेंटिमीटर उंचीवर बाहेर निघतो. उलटा धरला तर आत, मांसात जातो. ठोकताना एक हात हातोडीवर असतो, दुसऱ्याची बोटं कवचावर, टोक कुठून येतंय ते चाचपत. कान मात्र आवाजाकडे. घट्ट कवचातून जाणारा खिळा खणखणीत वाजतो, घाव पडेल तसा आवाज चढत जातो. मऊ भागात शिरला तर आवाज बसतो आणि खिळा फारच सहज आत जायला लागतो. तिथे हात थांबलाच पाहिजे. टोक बाहेर आलं की मोडायचं, उरलेलं दुमडून कवचावर दाबायचं आणि कानस फिरवायची.

पण यात्रेत लोक गर्दी करून बघतात तो हा शेवटचा, त्यातल्या त्यात सोपा भाग. पैसेही नालेचे मिळतात. खरं काम त्याच्या आधी झालेलं असतं. मी नवीन घोडा आला की पायाला हात लावत नाही. आधी मालकाला म्हणतो, कडक सपाट जागेवर चालवून दाखवा, माझ्याकडे या, मग लांब जा, मग बाजूने न्या. पाऊल आधी टाचेवर पडतं का टोकावर, आतली कड आधी टेकते का बाहेरची, मान कुठल्या पावलाला वर जाते हे बघायचं. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना घोडा डोकं वर उचलतो. त्यानंतर जुनी नाल काढून हातात घ्यायची. ती जिथे जास्त झिजली आहे तिथे घोड्याचा भार जास्त पडतोय. दाराला ठोकायला जुनी नाल मागणारे लोक नेहमी उभेच असतात, त्यात काळ्या घोड्याची असेल तर विचारूच नका. मी देतो, आनंदाने देतो, पण आधी नीट निरखून घेतो.

मग खूर कापणं, तासणं. ज्याला हे जमलं त्याला नालबंद म्हणायचं. बाजूने पाहिलं तर खुराची समोरची रेघ आणि खुराच्या वरचा तिरपा भाग, या दोन्ही एका सरळीत यायला हव्यात. टोक लांब राहिलं तर ती रेघ मोडते, पायाच्या मागच्या दोरीसारख्या शिरांवर ताण येतो आणि घोडा अडखळायला लागतो. टाच जास्त कापली तरी तेच. तळव्याच्या मध्ये त्रिकोणी, दाबला तर दबणारा भाग असतो, त्याला पुतळी म्हणतात. पाऊल टेकलं की टाच थोडी फाकते, पुतळी दबते आणि खुरातलं रक्त वर ढकललं जातं. ही सोय निसर्गाने केलेली आहे. खूर गुळगुळीत दिसावा म्हणून पुतळी खोल कोरून टाकणारे बरेच आहेत, आणि मालकही खूश होतो की बघा किती साफ केलं. हे मला बघवत नाही. सुटलेला, कुजलेला भाग तेवढा काढायचा, बाकीचा त्या जनावराचा आहे.

तसंच नाल खुराला बसवायची असते, खूर नालेला नाही. बाजारातून तयार नाल आणली, ती लहान निघाली, म्हणून समोरून कानस मारून खूरच आखूड केला, हे मी कितीतरी ठिकाणी पाहिलंय. कवच पातळ झालं की पुढच्या वेळी खिळ्याला धरच राहत नाही. ऐरणीवर नाल ठोकून दहा वेळा खुरावर लावून बघावी लागली तरी चालेल. पुढचा खूर गोलसर असतो, मागचा थोडा निमुळता, त्यामुळे चारही पायांना एकच आकार चालत नाही. जुनी रीत म्हणजे एका नालेला सात खिळे, बाहेरून चार आणि आतून तीन. खूर चांगला असेल तर सहाही पुरतात. खुराच्या सगळ्यात रुंद जागेच्या मागे मात्र खिळा नको, नाहीतर टाच फाकायची थांबते.

चुकीचा खिळा काय करतो तेही सांगतो, कारण तुमचा प्रश्न दुखण्याबद्दल आहे. वरातीची एक घोडी माझ्याकडे आणली होती, दुसऱ्या कुणीतरी नाल मारलेली. नाल मारली त्या दिवशी ती ठीक होती, दोन दिवसांनी पाय टेकवेना. मालकाला वाटलं खांद्यात लचक भरली. खूर हाताला गरम लागत होता. मी हातोडीने एकेका खिळ्यावर हलकेच टकटक केलं. आतल्या बाजूच्या एका खिळ्याला तिने पाय हिसकला. तो खिळा उपसला तर टोक ओलं आणि छिद्रातून काळसर पाणी आलं. खिळा मांसात घुसला नव्हता, नुसता दाबून बसला होता, तेवढंही पुरतं. नाल काढली, छिद्र मोकळं केलं, कोमट मिठाच्या पाण्यात पाय ठेवायला सांगितलं आणि जनावरांच्या डॉक्टरांना लगेच बोलावलं. घोड्याला धनुर्वात फार पटकन होतो आणि झाला की वाचणं अवघड, त्यामुळे अशा वेळी धनुर्वाताचं इंजेक्शन टाळायचंच नाही. मालकाची दुसऱ्या दिवशीची वरात ठरलेली होती, त्याने नाल परत मारून द्यायचा फार आग्रह धरला. मी मारली नाही.

वरातीच्या घोड्यांची मला खरंच काळजी वाटते. डांबर, सिमेंटचे रस्ते, त्यावर लोखंडी नाल घसरते, आणि त्यात नाचवायचं म्हणून पाय आपटायला शिकवलेलं. लग्नसराईत अशा घोड्याला उसंत नसते. त्यात कौतुकाने हरभरा आणि ज्वारी प्रमाणाबाहेर चारली जाते. एकदम जास्त दाणा पोटात गेला तर त्याचा परिणाम थेट खुरात उतरतो, डॉक्टर त्याला लॅमिनायटिस म्हणतात. घोडा पुढचे पाय लांब टाकून अंग मागे झुकवून उभा राहतो, खूर तापतात. असं दिसलं तर नालबंदाच्या आधी डॉक्टरला फोन करा.

घोडा पाळणाऱ्यांच्या तोंडचं एक वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं. ‘नाल अजून चांगली आहे, पडली की बघू.’ अहो, नाल झिजो न झिजो, खूर वाढतोच आहे. महिन्याला साधारण आठ ते दहा मिलिमीटर. नाल असल्यामुळे तो घासला जात नाही, टोक लांबत जातं, टाच पुढे सरकते. पाच-सहा आठवड्यांनी नाल काढून खूर तासायलाच हवा. नाल चांगली असेल तर तीच परत मारता येते. आणि जो घोडा शेतातच असतो, रस्त्यावर फारसा जात नाही, त्याला नाल नसली तरी चालतं. खूर तासणं मात्र त्यालाही चुकत नाही.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे ती काळ्या जमिनीची. पावसाळ्यात तो चिखल तळव्यात गच्च बसतो, आतल्या आत ओल राहते आणि पुतळीच्या खाचेत कुजायला लागतं. पाय उचलला की वासावरूनच कळतं. मग उन्हाळ्यात तोच खूर वाळून तडकतो. ओलं-कोरडं होत राहिलं की खिळे ढिले पडतात. रोज संध्याकाळी पाय उचलून खूर कोरायचा आणि कोरड्या जागेवर बांधायचं, एवढं मालकाने केलं तर माझं निम्मं काम कमी होईल. ते कमी झालेलं मला चालेल.

आता दुसरा प्रश्न. काम आहे का? एकेकाळी मराठवाड्यात भरपूर होतं. हिंगोली, मोमिनाबाद म्हणजे आताचं अंबाजोगाई, औरंगाबाद इथे हैदराबाद कंटिंजंटचं, म्हणजे निजामाच्या खर्चाने इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली असलेल्या फौजेचं, घोडदळ असायचं. १९०३ मध्ये ती फौज हिंदुस्थानी लष्करात सामील झाली. घोडदळ म्हटलं की नालबंद आलेच, आणि नालबंद आडनावाची घरं आपल्या भागात अजून आहेत. पुढे टांगे होते, तेही गेले. आज घोड्यांचं काम म्हणजे वरातीवाले, हौशी लोक, शर्यतीवाले आणि यात्रा. तुम्ही मार्गशीर्षात माळेगावला जे पाहिलं, ते काही दिवसांचं जोरदार काम असतं.

नुसत्या घोड्यांवर मराठवाड्यात घर चालवणं कठीण आहे, हे स्पष्ट सांगतो. आमच्यासारख्यांना धरून ठेवलं ते बैलांनी. बीड, परभणीकडून ऊसतोडीला गाड्या निघायच्या आधी पत्र्या मारून घ्यायची रांग लागते. उसाने भरलेली गाडी डांबरी रस्त्यावर ओढायची तर उघडं खूर टिकत नाही. बैलाचं खूर दुभंगलेलं, म्हणून एका पायाला दोन पत्र्या, एका बैलाला आठ. घोडा उभ्याने नाल मारून घेतो, बैलाला दोरीने आडवा पाडावा लागतो. पाडताना तो बेताने, मऊ जागेवर पडला पाहिजे, शिंग आणि बरगडी सांभाळून. पण ट्रॅक्टर वाढले, ऊस तोडायची यंत्रं आली, हेही काम आटत चाललंय.

तरी मी तुम्हाला ‘नको’ म्हणणार नाही. घोडे पाळणारे कमी असले तरी खूर जाणणारा माणूस त्याहून कमी आहे, आणि चांगल्या हाताला पुण्या-मुंबईकडचे रेसकोर्स, स्टड फार्म, रायडिंग क्लब इथे मागणी असते. लष्करात घोडे आणि इतर जनावरं सांभाळणारी रिमाउंट व्हेटर्नरी कोर आहे, मेरठला त्यांचं केंद्र आहे, तिथे नालबंदीचं रीतसर प्रशिक्षण होतं. ब्रिटनमध्ये १९७५ च्या कायद्यानुसार नोंदणी नसलेल्या माणसाला घोड्याला नाल मारायलाच बंदी आहे, आणि नोंदणीसाठी उस्तादाच्या हाताखाली सुमारे चार वर्षं काढावी लागतात. आपल्याकडे कुणीही हातोडी घेऊन बसतो. जनावराचं पाऊल कुणाच्याही हाती द्यायची गोष्ट नाही, आपल्याकडेही असं बंधन यायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

शिकायचंच असेल तर आधी पायाची हाडं बघा. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या शरीररचना विभागात परवानगी मागून घोड्याच्या पायाची हाडं हातात घेऊन बघा. खुराच्या आत हाड किती जवळ आहे ते एकदा दिसलं की खिळा मारताना घाई होत नाही. नंतर एखाद्या जाणत्या नालबंदाकडे पाय धरायला जा. आपल्याकडे एकजण पाय धरतो, दुसरा काम करतो. घोड्याजवळ खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जायचं, हात पाठीवरून पायापर्यंत सरकवत न्यायचा, एकदम पाय ओढायचा नाही. पाय जास्त वर किंवा बाहेर ताणून धरला तर तो हिसका देणारच, मग लोक म्हणतात घोडा खोडकर आहे. म्हातारा घोडा फार वेळ तीन पायांवर उभा राहू शकत नाही, त्याला मधेमधे पाय खाली टेकवू द्यायचा.

कमरेला आणि गुडघ्यांना हे काम जड जातं, तेवढी तयारी ठेवा. सुरुवातीला पाय धरणं, जुनी नाल काढणं, तासणं एवढंच मिळेल, आणि ते बराच काळ करावं लागेल. पहिला खिळा जिवंत घोड्याला मारू नका, मेलेल्या घोड्याच्या कापून घेतलेल्या खुरावर मारा. मग ते खूर करवतीने उभं चिरून बघा खिळा रेषेच्या कुठल्या बाजूने गेलाय.