हीथ्रोहून लंडनला स्वस्तात

प्रश्न : मुलीकडे लंडनला निघालोय. आम्ही दोघं आणि 7 वर्षांचा नातू. हीथ्रोहून शहरात जायला कोणती गाडी परवडेल?
– एक आजोबा, सातारा

उत्तर : आजोबा, हीथ्रो एक्स्प्रेस 15 मिनिटांत लंडनमधल्या पॅडिंग्टन स्टेशनला पोचवते, पण सगळ्यांत महाग तीच. सरळ पिकॅडिली लाइन ही भुयारी मेट्रो धरा. 2025 मध्ये तिचं भाडं माणशी 5.80 पौंड होतं, एलिझाबेथ लाइन या दुसऱ्या रेल्वेचं 13.90. जवळपास तास जातो, पण विमानतळावर गाडी रिकामी असते, बॅगा पायाशी घेऊन बसता येतं. नातू तुमच्याबरोबर फुकट. फाटकावर दोघांनी आपापलं बँक कार्ड टेकवा, बाहेर पडतानाही तेच. मी एकदा उतरताना घाईत दुसरंच टेकवलं, तर दोन्हींवर जादा पैसे कापले गेले. आणि कार्डावरचे परदेशातले व्यवहार निघण्याआधीच सुरू करून घ्या.