परसातील अंजिराचा तांबेरा : फवारणीआधी छाटणी

प्रश्न : विहिरीशेजारी पूना अंजिराची दोन मोठी झाडे आहेत. दर पावसाळ्यात पाने तांबूस होऊन गळतात आणि हिरवी फळे सुकून पडतात. दुकानदाराने तीन औषधे व टॉनिक एकत्र करून दर आठवड्याला फवारण्यास सांगितले आहे. फवारावे काय? (पुरंदर तालुक्यातील शेतकरी)

उत्तर : फवारू नये. हा तांबेरा, म्हणजे पानांवरचा बुरशीचा रोग आहे. पान उलटून पाहावे. खालच्या बाजूस बारीक पुळ्या दिसतील आणि बोट फिरवल्यास तपकिरी पूड बोटाला लागेल. दमट हवेत ही पूड वाऱ्याने पानोपानी पसरते, म्हणूनच पावसाळ्यात वाढणाऱ्या खट्टा बहाराला तांबेऱ्याचा मोठा फटका बसतो. घरच्या दोन-चार झाडांवर हा बहार धरण्याचा अट्टहास कशासाठी? पाऊस ओसरल्यावर छाटणी करून घेतला जाणारा मीठा बहारच धरावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

सध्या पाणी व युरिया दोन्ही बंद करून झाडास ताण द्यावा आणि खाली पडलेली पाने रोज वेचून खोल पुरावीत, कारण त्याच पानांवरून रोग पुन्हा झाडावर चढतो. पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये, छाटणी करावी. अंजिराचे फळ नव्या फुटीवर येते, त्यामुळे हात आखडता घेऊन नुसते शेंडे खुडण्यात अर्थ नाही. चिकाने कातडीची आग होते, म्हणून हातमोजे घालावेत.

छाटणीनंतर लगेच, झाड उघडे असतानाच, एक टक्का बोर्डो मिश्रण फवारावे. दहा लिटरसाठी मोरचूद १०० ग्रॅम व कळीचा चुना १०० ग्रॅम घेऊन प्लास्टिकच्या वेगवेगळ्या बादल्यांत निम्म्या निम्म्या पाण्यात विरघळवावेत, चुना वस्त्रगाळ करावा आणि मग दोन्ही द्रावणे एकत्र ओतावीत. मिश्रणात लोखंडी खिळा बुडवावा. त्यावर तांबूस थर आला तर आणखी चुन्याची निवळी घालावी, अन्यथा कोवळी फूट करपेल. मिश्रण त्याच दिवशी संपवावे व त्यात दुसरे काहीही मिसळू नये. नव्या पानांवर पुळ्या दिसल्याच, तर मॅन्कोझेब हे बुरशीनाशक दहा लिटरला २५ ग्रॅम, एवढेच. पन्नास ग्रॅम टाकल्याने रोग दुप्पट वेगाने जात नाही. फळे पिकू लागल्यावर फवारणी पूर्ण बंद ठेवावी, कारण अंजीर सालीसकट खाल्ले जाते आणि औषधाचा अंश थेट घरच्या मुलांच्या पोटात जातो.

पुन्हा सांगतो, दुकानदाराने तुमचे झाड पाहिलेले नाही. टॉनिक, संजीवके, फळ लवकर पिकवण्याची औषधे यांपैकी कशाचीही परसातील झाडाला गरज नाही. जादा नत्राने पाला माजतो आणि कोवळ्या दाट पाल्यावर तांबेरा अधिक फोफावतो. छाटणीच्या वेळी तीन-चार घमेली कुजलेले शेणखत आळ्यात मिसळावे. पुढे पाणी बेताचे पण नियमित द्यावे. आधी कोरडे ठेवून एकदम भरपूर पाणी दिल्यास पिकती फळे तडकतात. विहिरीचे सांडपाणी बुंध्याशी साचत असेल तर आधी चर काढावा, नाहीतर मुळे कुजतील.

अनुदानाविषयीही विचारणा आहे. भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत अंजीर आहे, मात्र कोकणाबाहेर किमान २० गुंठे लागवड लागते. दोन झाडांना ती लागू नाही. क्षेत्र असल्यास राज्य शासनाच्या महाडीबीटी संकेतस्थळावर अर्ज करावा.

औषधे घरी आणली असतील तर ती फोडू नयेत, पावतीसह परत करावीत.