सासूबाईंना वादळाची धास्ती

प्रश्न : ताई, आम्ही बडोद्यात समा भागात तळमजल्यावर राहतो. २०२४च्या ऑगस्टात विश्वामित्री नदीचं पाणी घरात शिरलं. आता वादळाची बातमी लागली की सासूबाई रात्र जागून काढतात.

उत्तर : त्यांची भीती खरी आहे, ‘उगाच घाबरता’ म्हणू नका. अरबी समुद्रातली वादळं बहुधा मे-जूनमध्ये नि पुन्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतात. २०२१चं तौक्ते १७ मेला गुजरातच्या किनाऱ्यावर धडकलं होतं. म्हणून एप्रिलातच पत्रे आवळून घ्या, कागदपत्रं माळ्यावर टाका. पाणी चढण्याआधी मेन स्विच बंद. ओसरल्यावर जिन्याखाली आधी बॅटरी मारा. पुरासोबत नदीतली मगर आलेली दिसली तर लांबूनच वनखात्याला कळवा. औषधांचा डबा सासूबाईंनाच भरू द्या. टीव्ही दोनदाच लावा. झोप येतच नसेल तर डॉक्टरांना दाखवाच.